भाड्याच्या घरात ऊब किती पेन्सला पडते? लीड्समधल्या एका फ्लॅटचे प्रकरण

ओळख पटू नये म्हणून या कुटुंबाचे काही तपशील बदलले आहेत आणि आकडे हिशेबाला सोपे जातील असे पूर्णांकात घेतले आहेत. दर ५ टक्के व्हॅट धरून आहेत. इंग्लंडमध्ये गॅसची जोडणी नसलेल्या फ्लॅटमध्ये नव्याने राहायला गेलेल्या बहुतेकांची पहिल्या हिवाळ्यात जी तारांबळ उडते, तिचाच हा एक नमुना आहे.

पार्श्वभूमी

नवरा-बायको आणि तीन वर्षांची मुलगी. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ते पुण्याहून लीड्सला आले. १९८० च्या दशकात बांधलेल्या तीन मजली इमारतीत मधल्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला, करार बारा महिन्यांचा. नवऱ्याचे काम बहुतेक दिवस घरूनच. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्याची आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येणार होती. ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी लागेल, कारण पुढचा सगळा हिशेब त्याभोवती फिरतो.

फ्लॅटमध्ये सगळे विजेवर. हॉलमध्ये ३.४ किलोवॅटचा आणि पॅसेजमध्ये १.७ किलोवॅटचा स्टोरेज हीटर, दोन्ही बेडरूममध्ये भिंतीवर एकेक किलोवॅटचा पॅनेल हीटर, कपाटात गरम पाण्याची १२० लिटरची टाकी आणि तिच्यात दोन इमर्शन कॉइल. खिडक्या दुहेरी काचेच्या, पण जुन्या. ईपीसी, म्हणजे घराच्या ऊर्जा-कार्यक्षमतेच्या दाखल्यावर, श्रेणी डी (ए सगळ्यात चांगली, जी सगळ्यात खालची).

स्टोरेज हीटर ही आपल्याकडे न दिसणारी वस्तू. आत लोहखनिजाच्या जड विटा असतात. रात्रीच्या स्वस्त विजेवर त्या सात तास तापतात आणि दिवसभर हळूहळू ऊब सोडतात. ३.४ किलोवॅटच्या हीटरमध्ये सात तासांत जास्तीत जास्त २३.८ युनिट वीज भरते, १.७ च्या हीटरमध्ये ११.९. त्याची तार वेगळ्या फ्यूज बोर्डावरून येते आणि त्या बोर्डाला वीज फक्त रात्रीच मिळते. त्यामुळे दुपारी बटण दाबून पाहणाऱ्याला तो बंद पडलेलाच वाटतो.

यांनाही तसेच वाटले. हीटर बिघडलेले आहेत असे समजून त्यांनी दोन तेलाचे हीटर आणि एक पंख्याचा हीटर विकत आणला.

अडचण

नोव्हेंबरचे बिल आले २८८ पौंड. १,०८० युनिट, २५ पेन्सने २७० पौंड आणि रोजचा स्थिर आकार ६१ पेन्स. त्यातली साधारण ६३० युनिट खोल्या गरम करण्यात गेली होती, २१० पाणी तापवण्यात, उरलेली स्वयंपाक, फ्रिज, धुलाई आणि दिव्यांवर. एवढे करूनही सकाळी पॅसेज गार असायचा आणि बेडरूमच्या खिडक्यांवरून पाणी ओघळायचे. जानेवारीत थंडी वाढणार, आजी दिवसभर घरात असणार. खोल्यांसाठी रोजची २१ युनिट २८ वर आणि इतर वापराची ८ युनिट साडेआठवर जातील असे धरले, तर जानेवारीचे बिल ३५६ पौंडांच्या आसपास जाणार होते.

घर थंड ठेवून पैसे वाचवणे हा पर्याय इथे नव्हताच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घरातले किमान तापमान १८ अंश सुचवले आहे आणि लहान मुले व वृद्धांसाठी त्याहून थोडे जास्त लागू शकते असेही म्हटले आहे.

कोणकोणते पर्याय होते

सगळ्यात आधी एक गैरसमज. तेलाचा हीटर स्वस्त पडतो, सिरॅमिकचा वीज कमी खातो, अमुक पॅनेल अर्ध्या खर्चात खोली तापवते, अशा जाहिराती दर हिवाळ्यात येतात. विजेचा कोणताही साधा हीटर एका युनिटची एक युनिटच उष्णता देतो. तेलाचा हीटर बंद केल्यावर थोडा वेळ उबदार राहतो, पण तेवढाच तापायला वेळही घेतो. त्यामुळे साध्या हीटरांपैकी कोणता घ्यावा यावर त्यांनी घालवलेला आठवडा वायाच गेला. फरक पडतो तो तीनच ठिकाणी: युनिटचा दर, हीट पंप, आणि खोलीऐवजी माणसाला ऊब देणे.

हीट पंप म्हणजे आपल्या ओळखीचा हॉट अँड कोल्ड स्प्लिट एसी. एका युनिटमागे साधारण तीन युनिट ऊब मिळते, म्हणजे २८ युनिटांचे काम साडेनऊ युनिटांत होते. चालवायला विजेवरचा सगळ्यात स्वस्त पर्याय हाच. पण बसवायला दीड-दोन हजार पौंड, बाहेरच्या युनिटसाठी घरमालकाची आणि शिवाय इमारतीच्या मूळ मालकाची परवानगी, आणि करार एका वर्षाचा. एजंटाने विचारल्या दिवशीच नकार कळवला. चाकांवरचा, खिडकीतून नळी बाहेर काढायचा एसी हा त्याला पर्याय नाही. तो खोलीतलीच हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच थंड हवा फटींतून आत ओढतो.

सिलिंडरवरचा फिरता गॅस हीटर शेजाऱ्याने सुचवला होता. एक किलो ब्युटेन जळले की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपाने खोलीत सुटते. ज्या घरात खिडक्या आधीच गळताहेत तिथे ही भर नको. कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळा, करारात मनाई होती ती वेगळी, आणि सिलिंडरच्या भावाने युनिट काढले तर ते रात्रीच्या विजेहून महागच पडते.

गॅसचे सेंट्रल हीटिंग असलेल्या फ्लॅटमध्ये जाणे हा पर्याय मात्र त्यांनी गांभीर्याने तपासला. गॅसचे युनिट तेव्हा सव्वासहा पेन्सच्या आसपास होते. बॉयलरची घट धरली तरी उपयोगी ऊब सुमारे सात पेन्सला पडते. पुढे येणाऱ्या रात्रीच्या स्वस्त दराशी तुलना केली, तर जानेवारीत यामुळे ८० पौंडांपर्यंत वाचले असते. पण तसाच फ्लॅट महिना ७५ पौंड जास्त भाड्याचा होता, आणि भाडे जुलैतही द्यावे लागते. वर्षाला ९०० पौंड जास्त देऊन हिवाळ्यातले तीन-चारशे वाचवण्यात अर्थ नव्हता.

उरला इकॉनॉमी ७, म्हणजे रात्रीचे सात तास स्वस्त आणि दिवसा महाग असा दर. त्यांना मिळू शकणारा दर होता रात्री १४ पेन्स, दिवसा ३० पेन्स. तो परवडतो की नाही हे ठरवायला एकच भागाकार पुरतो. दिवसाचा दर एकेरी, म्हणजे दिवसरात्र सारख्या २५ पेन्सच्या दरापेक्षा ५ पेन्स जास्त; दिवस-रात्रीतले अंतर १६ पेन्स; ५ भागिले १६ म्हणजे ३१ टक्के. एकूण विजेतला ३१ टक्क्यांहून जास्त वाटा रात्रीचा असेल तर फायदा, नाहीतर तोटा. स्टोरेज हीटर आणि पाण्याची टाकी रात्री चालवली तर हा वाटा ८० टक्क्यांपर्यंत जातो. अंदाजाप्रमाणे जानेवारीत सुमारे १,४७३ युनिट लागणार होती: १,१९४ रात्रीची, २७९ दिवसाची. बिल २७० पौंड.

यातली एक गोष्ट त्या दोघांना पटायला वेळ लागला. एकेरी दरावर याच महिन्यात १,३४९ युनिट पुरली असती. स्टोरेज हीटर घेतला की युनिट वाढतात, कारण पहाटे भरलेली ऊब थोडीफार नको त्या वेळी निसटते. युनिट वाढून बिल उतरते.

निर्णय पहिला: आधी मीटर, मग दर

मीटर जिन्याखालच्या कपाटात होता, स्मार्ट नसलेला, पण दोन आकडे आळीपाळीने दाखवणारा. म्हणजे दुहेरी दराचा मीटर जागेवरच होता. आधीच्या भाडेकरूने कंपनीकडून एकेरी दर घेतला होता आणि तोच यांच्या गळ्यात पडला होता. मीटर बदलायची गरज नव्हती, फक्त दर बदलायचा होता. विजेचे बिल भाडेकरूच्या नावावर असेल तर कंपनी आणि दर निवडण्याचा हक्क त्याचाच असतो. मीटर बदलायचा असेल तर मात्र घरमालकाला विचारावे.

फोनवरच्या माणसाने सोबत स्मार्ट मीटर बसवून घ्यायचा आग्रह धरला. तो त्यांनी तूर्त नाकारला, आणि ते योग्यच झाले. अशा घरात पाच टर्मिनलचा, रात्रीचा वेगळा फ्यूज बोर्ड चालवणारा मीटरच लागतो. साधा बसवला आणि रात्रीची तार सरळ जोडली गेली, तर स्टोरेज हीटर भर दुपारी ३० पेन्सच्या विजेवर तापत राहतात.

स्वस्त तास कोणते, हे सहसा बिलावर लिहिलेले नसते आणि भागाप्रमाणे बदलते. इथे ते साडेबारा ते साडेसात निघाले. जुने मीटर उन्हाळ्यात घड्याळ पुढे सरकवत नाहीत, तेव्हा एप्रिलपासून हीच वेळ दीड ते साडेआठ होणार होती. २० डिसेंबरला नवा दर लागू झाला. त्या दिवशी दोन्ही आकड्यांचा फोटो काढून ठेवला. त्याचा उपयोग पुढे येतोच.

निर्णय दुसरा: बंद हीटर कोणी दुरुस्त करायचा

हीटर खरोखर भरतो का, हे पाहायची वेळ सकाळी सात. हॉलमधला हात ठेववेना इतका तापलेला, पॅसेजमधला थंडगार. भिंतीवरचा लाल खटका चालूच होता. एजंटाने उत्तर दिले की एक छोटा प्लगचा हीटर पाठवतो. बऱ्याच जणांचे इथे फसते. प्लगचा हीटर दिवसाच्या दरावर चालतो, तो स्टोरेज हीटरची जागा घेऊ शकत नाही. त्यांनी लेखी उत्तर पाठवले: घर आणि पाणी गरम करण्यासाठी बसवलेली साधने चालू ठेवणे ही १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या कलम ११ प्रमाणे घरमालकाची जबाबदारी आहे, तेव्हा आहे तोच हीटर दुरुस्त करून द्यावा. आठ दिवसांत इलेक्ट्रिशियन आला. जास्त तापल्यावर वीज तोडणारा आतला कटआउट पडला होता. तो पडायचे सगळ्यात नेहमीचे कारण म्हणजे हीटरवर वाळत घातलेले कपडे. हवेची वाट बंद झाली की विटांवरचा पत्रा तापतो आणि कटआउट उडतो. कपडे, पडदा, सोफा, काहीही त्याला चिकटून नको.

निर्णय तिसरा: दोन नॉब

पहिल्या आठवड्यात इनपुट आणि आउटपुट हे दोन्ही नॉब पूर्ण उघडे ठेवले. परिणाम ठरलेला: पहाटे चारला हॉलमध्ये २६ अंश, संध्याकाळी पाचला हीटर गार.

इनपुट म्हणजे रात्री किती भरायचे, आउटपुट म्हणजे ऊब सोडणारी झडप किती उघडायची. इनपुट उद्याच्या हवामानाप्रमाणे आज झोपण्यापूर्वी लावायचा: कडाक्याच्या थंडीत ५ ते ६, ओल्या पण सौम्य दिवसासाठी ३. आउटपुट झोपताना १ वर आणायचाच. तो उघडा राहिला की विटा भरता भरताच रिकाम्या होतात. दिवसभर घर रिकामे असेल तर आउटपुट दुपारी चारपर्यंत १ वरच ठेवतात. इथे माणसे घरात असल्याने सकाळी २, दुपारी तीननंतर ४, रात्री जेवणानंतर पुन्हा १ असा क्रम बसला. पॅसेजचा हीटर दिवसभर १ वरच. बेडरूमची दारे उघडी ठेवली की तेवढ्यावर त्या खोल्यांचा गारठा मोडतो.

पाण्याच्या टाकीलाही दोन कॉइल असतात. खालची रात्रीच्या विजेवर पूर्ण टाकी तापवते, वरची बटण दाबल्यावर दिवसाच्या विजेवर. थर्मोस्टॅट ६० अंशांवर. त्याखाली ठेवला तर टाकीत लेजिओनेला जिवाणू वाढायची भीती असते. रोजची ७ युनिट रात्री ९८ पेन्सला पडतात, दिवसा २ पौंड १० पेन्सला. वरच्या कॉइलच्या बटणावर त्यांनी चिकटपट्टी लावली.

निर्णय चौथा: आजींची खोली

अंदाज इथेच ढळला. आजी आल्या आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या बेडरूममध्ये तेलाचा हीटर पुन्हा बाहेर आला. पाच दिवस तो रोज साधारण ९ युनिट ओढत होता, तीही ३० पेन्सने. महिनाभर तो असाच चालला असता तर ८४ पौंड गेले असते, म्हणजे इकॉनॉमी ७ मुळे होणारी जवळजवळ सगळी बचत. या दराचा हा ठिसूळपणा कोणी सांगत नाही: घरात दिवसा चालणारा एक हीटर सगळे गणित फिरवतो.

तोडगा माणसाच्या दिनक्रमातून निघाला. आजींची आरामखुर्ची, पोथी आणि टीव्ही हॉलमध्ये आले, जिथे रात्रीची स्वस्त ऊब आधीच भरलेली होती. मांडीवर १२० वॅटची विजेची शाल. आठ तास चालली तरी एक युनिटही होत नाही, खर्च ३० पेन्सच्या आत. रात्री गादीवरचे विजेचे ब्लँकेट झोपण्याआधी वीस मिनिटे, आणि खोलीतला पॅनेल हीटर त्याच वेळी तासभर. सुनेला आधी वाईट वाटत होते की सासूबाईंना स्वतःच्या खोलीत दिवसा बसता येत नाही. आजींचे म्हणणे निराळे होते: “एकटी खोलीत बसून मी काय करणार आहे? नात इथंच खेळते.”

ओल

खिडक्यांवरचे पाणी हा बहुतांशी घरातलाच प्रकार होता. धुतलेल्या कपड्यांची एक खेप घरात वाळताना सुमारे दोन लिटर पाणी हवेत सोडते. त्यात कुकरच्या शिट्ट्या, उकळता चहा, बंद दाराआड केलेल्या अंघोळी. २०० वॅटचा कॉम्प्रेसरवाला डीह्युमिडिफायर घेऊन कपडे एकाच खोलीत, दार लावून वाळवू लागले. तो जी वीज खातो तिचीही ऊबच होते, शिवाय वाफेचे पाणी होताना सुटणारी उष्णता खोलीतच राहते, म्हणून हिवाळ्यात तो वाटतो त्याहून स्वस्त पडतो. स्वयंपाकघराचा पंखा कुकर उतरल्यावर पंधरा मिनिटे चालू. खिडकीच्या चौकटीवरच्या बारीक हवेच्या फटी मात्र बंद करायच्या नाहीत. गार वारा येतो म्हणून त्या टेपने बुजवणारे लोक महिन्याभरात कोपऱ्यांत काळी बुरशी पाहतात.

दारातल्या टपालाच्या फटीला ब्रश, मुख्य दाराखाली पट्टी, आणि उत्तरेकडच्या खिडकीवर हेअर ड्रायरने ताणायची पारदर्शक फिल्म, एवढी कामे घरमालकाला न विचारता झाली. फिल्मच्या टेपने रंग निघू शकतो, म्हणून आधी कोपऱ्यात लावून पाहावी.

धुलाईचे मशीन स्वस्त तासांत चालवायचे ठरले, पण झोपेत नाही. इथले अग्निशमन दल तसे करू नका असेच सांगते. सकाळी सहाला उठून लावले की साडेसातच्या आत होते.

परिणाम

जानेवारीचे बिल आले ४२२ पौंड.

कारण हिशेबात नव्हते, बिलात होते. कंपनीने दोन आकडे उलटे नोंदवले होते: रात्रीची १,१९४ युनिट ३० पेन्सने, दिवसाची ३२३ युनिट १४ ने. दुहेरी दर सुरू होताना ही गफलत नेहमी होते. पडताळणी सोपी आहे: झोपताना आणि उठल्यावर मीटर वाचावा, जो आकडा रात्रीत तीस-चाळीसने पुढे गेला तो रात्रीचा. २० डिसेंबरचा फोटो आणि असे दोन रात्रींचे वाचन पाठवल्यावर बिल २८३ पौंडांवर आले. एकेरी दराच्या अंदाजापेक्षा ७३ पौंड कमी. आजींच्या खोलीतला हीटर नसता तर ८६. फेब्रुवारीत तो कपाटात होता आणि बिल २३० पौंड आले, त्यात महिना अठ्ठावीस दिवसांचा होता हेही धरायला हवे.

जानेवारीची सगळी १,५१७ युनिट २५ पेन्सने गुणून बचत ११५ पौंडांच्या जवळ दाखवता येते, पण ती तुलना खोटी आहे. एकेरी दरावर एवढी युनिट लागलीच नसती.

उन्हाळ्यात हा दर सोडायचा का? खोल्या तापवणे थांबल्यावर रोज साधारण साडेपंधरा युनिट लागतात, त्यातली साडेनऊ पाणी आणि इतर रात्रीच्या वापराची. वाटा ६१ टक्के, म्हणजे ३१ च्या बराच वर. दर तसाच ठेवला.

वेगळे काय करता आले असते

मोठी चूक ऑक्टोबरातली, घर पाहायला गेले त्या दिवशीची. मीटर, दोन फ्यूज बोर्ड आणि सुरू असलेला दर तेव्हाच विचारायला हवा होता. सामानाच्या यादीत “हीटर: २” एवढेच लिहिले होते, “चालू स्थितीत, रात्री तपासले” असे लिहून घेतले असते तर दुरुस्तीसाठी पत्रव्यवहार करावा लागला नसता. दोन महिन्यांचा महाग दर आणि तीन हीटरांची खरेदी टळली असती.

ईपीसी कोणालाही सरकारी नोंदवहीत पिनकोड टाकून फुकट पाहता येतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ एप्रिल २०१८ पासून नवे भाडेकरार, आणि १ एप्रिल २०२० पासून चालू करारही, श्रेणी ई च्या खाली असतील तर सवलत नोंदवल्याशिवाय चालत नाहीत. यांचे घर डी असल्याने त्या नियमाचा जोर लावता आला नाही. त्याच दाखल्यावर मात्र सुधारणांच्या यादीत नव्या पद्धतीचे, जास्त ऊब धरून ठेवणारे स्टोरेज हीटर सुचवलेले होते. त्यांना आत पंखा आणि खोलीच्या तापमानाचा थर्मोस्टॅट असतो, झडपेचा रोजचा खेळ करावा लागत नाही. घरमालकाने डिसेंबरमध्ये नकार दिला. पण तेव्हा मागणी करणाऱ्याचा करार दहा महिने बाकी होता आणि घरमालकाला काही घाई नव्हती. हीच मागणी करार वाढवायच्या वेळी, दाखल्याचे ते पान आणि दोन हिवाळी बिले जोडून करायची, असे त्यांनी ठरवले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये एजंटाचे पत्र येईल तेव्हा.